परतताना बोट लागत नाही

९ जानेवारी

दादा,

माझं अक्षर दिसलं तर पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता दुकानातल्या कॅशियरबाईंकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर पुरतं वाच. भांडायला बसलेली नाही. बाबांबद्दलही काही लिहिणार नाही, तुझी तशी अटच होती. काम एकच आहे आणि ते तुझ्या धंद्यातलं आहे.

आईला बोट लागते.

थोडीथोडकी नाही. महिन्यातून एकदा आम्ही बेटावर जातो. कशाला, ते तुला सांगायला नको. त्या बेटावर तुरुंगाशिवाय आहे तरी काय? बंदराची भिंत मागे पडते न पडते तोच आईच्या ओठांचा रंग जातो. आधी जांभया, मग तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर गार घाम येतो. तिथून तिकडे पोचेपर्यंत ती बादलीवर ओणवी. खाल्लेलं संपलं की पित्त, पित्त संपलं की नुसते उमाळे. पूर्वी उतरल्यावर थोड्या वेळात सावरायची. या खेपेला धक्क्याच्या पायऱ्यांवरच तिचे पाय गेले. मी आणि एका शिपायाने धरून तिला भेटीच्या खोलीत नेलं. भेटीचा सगळा वेळ ती टेबलाची कड पकडून बसली होती, जणू टेबलच बुडणार आहे.

डॉक्टर म्हणतात, या वयात एवढ्या उलट्या बऱ्या नाहीत. अंगातलं पाणी जातं, एखाद दिवशी हृदय दगा देईल. मी म्हटलं, "आई, पुढच्या महिन्यात मी एकटी जाते." तर म्हणाली, "तू जाणार आणि मी घरी बसून राहू?" विषय संपला.

इंजिनांच्या दुरुस्तीत शिरण्याआधी तू प्रवासी बोटीवर होतास. माणसं ओकताना तुझ्याइतकी आमच्यात कोणी पाहिलेली नाहीत. काय करायचं ते कळव. हवं तर बाकी एक अक्षर लिहू नकोस.

मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात. आता काचा घासायच्या मशीनवर मलाच बसवतात. मालक म्हणतात, माझा हात हलत नाही.

बारकी


४ फेब्रुवारी

दादा,

पोस्टकार्ड मिळालं. खुशाली नाही, सही नाही, आणि दोन्ही बाजू गच्च भरून नुसत्या उलट्या! दुकानात वाचताना हसू आवरेना. गिऱ्हाईक चष्म्याची फ्रेम हातात धरून माझ्याकडे बघत राहिलं. मग मागच्या खोलीत जाऊन थोडी रडले, तेही सांगते.

तू लिहिलंस ते सगळं केलं. आदल्या दिवसापासून तेलकट, तिखट बंद. पण पोट रिकामंही ठेवलं नाही. निघताना कोरडी बिस्किटं आणि अर्धं केळं. गोळी बोट सुटायच्या बरीच आधी दिली. आजवर आम्ही ती उलटी सुरू झाल्यावर द्यायचो, म्हणजे गोळी सरळ बादलीत. शिवाय हवा लागावी म्हणून मी तिला अगदी पुढच्या टोकाला बसवायचे. तू लिहिलंस की तिथेच बोट सगळ्यात जास्त उचलते आणि आपटते. म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःच्या हाताने तिला झोपाळ्यावर बसवत होते! या वेळी खालच्या मजल्यावर, मधोमध, धूर येणार नाही अशा खिडकीशी, तोंड बोट जाते त्या बाजूला. "पाण्याकडे बघू नकोस, लांब आभाळ टेकतं त्या रेघेकडे बघ," असं मी सारखं टुमणं लावलं होतं. शेवटी वैतागून म्हणाली, "अगं बघतेय ना! रेघ काही पळून जात नाहीये." मनगटाच्या आतल्या बाजूला, तीन बोटं खाली, तू काढून दाखवलंस तिथे दाबून धरलं. माझा अंगठा बधिर झाला.

उलटी झालीच. पण बेट दिसायला लागल्यावर. आधीच्या मानाने हे पुष्कळ, नाही का?

आणि गंमत ऐक. परतताना वारा सुटला होता. बोट अशी हेलकावत होती की लोक कठड्याला रांगेने वाकलेले, एक बाई तर नवऱ्याच्या टोपीत ओकली. आणि आपली आई? खांबाला डोकं टेकून घोरत होती. उठली ती भूक भूक करत, आणि डब्यातली सगळी बिस्किटं संपवली. तुझ्या गोळीचा गुण उशिरा येतो वाटतं.

बाबांबद्दल लिहिणार नव्हते, पण एवढंच. आईचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, हिला काय झालं. मी म्हटलं, बोट लागली. तर हसून म्हणाले, "हिला घरातल्या घरात बोट लागायची." शेजारचा शिपाईसुद्धा हसला. आईही हसली. म्हणजे ते आता मजेत असतात, पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. तुला उगाच वाटतं.

बारकी


११ मार्च

दादा,

दुसऱ्या पोस्टकार्डावर एकच ओळ. "परतताना तिला कधी उलटी होते का?"

नाही होत. कधीच झालेली नाही. पोटात काही उरलेलं नसतं आणि ती दमलेली असते, म्हणून. तुला काय सुचवायचंय ते मला कळतं. इतक्या लांब बसून आईच्या पोटातलं तुला कळतं, आणि रोज तिच्या शेजारी झोपते त्या मला कळत नाही?

मग एकदाचं बोलूनच टाकते. त्या दिवशी आपल्या फर्निचरच्या कारखान्यात काय झालं ते तू पाहिलंस, मी नाही. पॉलिशवाल्याने गिऱ्हाइकाच्या कपाटाची दारं बिघडवली, वर तोंड करून बोलला, बाबांचा तोल गेला, हातात लाकडी हातोडा होता. माणूस मेला, ते वाईटच झालं. पण एक फटका रागाच्या भरात बसू शकतो. तू कोर्टात उभा राहून सांगितलंस की तो खाली पडल्यावरही बाबा थांबले नाहीत. खरं असेल. खोटं बोललास असं मी कधी म्हटलं नाही. पण बाकीचे कामगारही तिथे होतेच ना? ते सगळे त्या वेळी नेमके पाठमोरे होते, आणि डोळे फक्त तुलाच होते. बापाविरुद्ध मुलानेच का उभं राहायचं? तू सांगून मोकळा झालास, पिशवी उचललीस आणि गेलास. कारखाना विकायला, शेजाऱ्यांच्या नजरा झेलायला, पॉलिशवाल्याची बायको समोरून आली की रस्ता ओलांडायला आम्ही दोघी राहिलो.

असो. झालं बोलून.

बातमी अशी आहे की बाबांच्या शिक्षेची मुदत या नोव्हेंबरात संपते, पण त्यांचं वय आणि छाती बघून त्यांना आधीच सोडायचा विचार चालला आहे. त्यासाठी समिती बसणार. घरच्यांनी हमी द्यायची की आम्ही यांना ठेवून घेऊ. मे महिन्यात आईला समितीपुढे जायचं आहे, नुसतं 'हो' म्हणायला. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती दूध तापवत होती. "बरं," म्हणाली. दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी ती तशीच उभी. आनंदाने माणसाचं असंही होतं.

मार्चच्या खेपेला गोळीने तिला इतकी गुंगी आली की झोपेतच उमाळे येत होते. समितीपुढे ती पेंगताना दिसायला नको. झोप न आणणारी एखादी गोळी आहे का, तेवढं कळव. रागावला असलास तरी कळव.

बारकी


२१ मे

दादा,

तू लिहिलेलं गोळीचं नाव औषधाच्या दुकानात दाखवलं. दुकानदाराने आईचं वय विचारलं, बाकी काय काय घेते ते विचारलं, डॉक्टरांना फोन केला आणि मगच दिली. आधी एक दिवस घरी घेऊन पाहिली. पेंग आली नाही.

काल गेलो. समुद्र परातीत ओतलेल्या पाण्यासारखा होता. आई मधोमध, तोंड पुढे, डोळे त्या रेघेवर, दाढेखाली आल्याचा तुकडा. मी तिच्याकडे आणि बादलीकडे आळीपाळीने बघत होते. नाही झाली उलटी, दादा. एकदाही नाही. बेट जवळ आल्यावर तिने माझा हात धरून विचारलं, "आलं का?" मी म्हटलं, "आलं, आणि तू बघ कशी ठणठणीत आहेस!" मला इतका आनंद झाला की तिथेच मनातल्या मनात तुला पत्र लिहायला घेतलं. ते पत्र वेगळं होतं.

समितीची खोली वरच्या मजल्यावर. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पलीकडे तीन माणसं. मधल्या बाई प्रमुख. बाबांना आणून बाजूच्या खुर्चीत बसवलं. दाढी घोटलेली, सदरा धुतलेला. मान किती बारीक झाली आहे त्यांची. मला बघून त्यांनी डोळा मिचकावला, मी लहान असताना मिचकावायचे तसा. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

बाईंनी कागद चाळले आणि आईला विचारलं, "यांना घरी ठेवून घ्यायला तुमची तयारी आहे ना?"

आई उभी राहिली. तोंड उघडलं. 

"ती काय नाही म्हणणार आहे?" बाबा हसून म्हणाले. "अगं, सांग ना त्यांना. लोकांचा वेळ कशाला घालवतेस?"

आवाज चढवला नव्हता. तुला वाटेल ओरडले असतील, नाही. फक्त बोलता बोलता खुर्चीच्या हातावर दोन बोटं वाजवली. टक टक.

आणि आईला उलटी झाली. उभ्या उभ्या. हिरव्या कापडावर, कागदांवर, स्वतःच्या चपलांवर. फरशी जागची हलत नव्हती, खिडकीतून बाहेर एक झाड दिसत होतं, तेही हलत नव्हतं. सगळे खुर्च्या मागे सारून उठले. शिपाई बादली आणायला पळाला. प्रमुख बाई चांगल्या होत्या. "बसा, बसा. बोट लागली असेल तुम्हाला," म्हणाल्या, आणि स्वतःचा पाण्याचा पेला पुढे केला.

आईने चूळ भरली. रुमालाने सावकाश तोंड पुसलं. मग म्हणाली, "बोट नाही लागली. हा माणूस मला घरी नको."

हा माणूस. आपल्या जन्मात तिच्या तोंडून 'हे' आणि 'ह्यांना' सोडून दुसरं काही ऐकलंयस का तू?

बाबा खुर्चीतून उठले तसे दोघा शिपायांनी त्यांना धरलं. ते आईकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. "बारके, सांग यांना, हिचं डोकं ठिकाणावर नसतं. सांग!" सगळी खोली माझ्याकडे वळली. बाईंनीही विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

 ना होय, ना नाही. त्या कापडावर ओला डाग पसरत होता, त्याच्याकडे बघत बसले.

परतताना वादळी वारा. मीच ओकले. रेघ नाही, मनगट नाही, काही सुचलं नाही. आईने माझं कपाळ धरलं होतं, तिचा हात कोरडा आणि गार होता. घरापर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. आजही नाही. छातीचा विकार असलेल्या म्हाताऱ्या माणसाला आणखी सहा महिने तिथे कुजवायचं, हे तिने एका वाक्यात करून टाकलं. तू खूश असशील.

बारकी


१८ जून

दादा,

आज बोललो.

मी एकटीच बेटावर जायला निघाले होते. आई न सांगता माझा डबा भरत होती, तीच बिस्किटं, तेच केळं. ते बघून माझं डोकं फिरलं. म्हटलं, "नको होते ते तुला, तर इतकी वर्षं ओकत ओकत कशाला आलीस?"

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तुला बाप हवा होता. तू त्याच्यासमोर एकटी बसावीस, ते मला नको होतं."

"मी तुझ्यासाठी जात होते!" मी ओरडले. ओरडताना मलाच कळत होतं की हे अर्धंच खरं आहे.

ती ओट्याला टेकून हसायला लागली. हसता हसता खाली बसली, आणि मग तिचं हसू राहिलं नाही. मी शेजारी बसले. तिने काहीही रंगवून सांगितलं नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावं तसं सांगितलं. बाबांची दोन बोटं वाजली की किती वेळ हाताशी असतो. तेवढ्यात खिडकी लावून घ्यायची, गॅस बंद करायचा, कपबश्या उचलून ठेवायच्या. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तो झोपेत आखडला असं मी समजत होते. डबे खालच्या फळीवर का असतात, ते मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, गुडघ्यांना व्यायाम. अगदी हेच मी शेजारणीला सांगितलंही होतं, हसत.

मी विचारलं, "आणि मी? मी कुठे असायचे?"

"दादा तुला धक्क्यावर न्यायचा ना," ती म्हणाली.

म्हणजे त्यासाठी न्यायचास तू. मला बोटी आवडतात म्हणून नव्हे. भर दुपारी उन्हात, एकदा तर अंगात ताप असताना तुझ्या शर्टात गुंडाळून. मी कंटाळून घरी चल म्हणायचे आणि तू म्हणायचास, "आणखी एक बोट येऊ दे, मग जाऊ." ती आली की म्हणायचास, आणखी एक. मला वाटायचं, माझा भाऊ काय बोटवेडा आहे! मी शाळेत सगळ्यांना सांगत असे. तू तेव्हा कितीसा होतास रे? मिसरूडही फुटलं नव्हतं.

मार्चमध्ये मी जे लिहिलं ते फाडून टाक. टाकलं असशील तर बरंच.

तरी मी गेले बेटावर. का, ते विचारू नकोस. भेटीच्या खोलीत बसले. बाबा आलेच नाहीत. थोड्या वेळाने शिपायाने येऊन सांगितलं, "ते म्हणतात, माझी कोणी मुलगी नाही." मी पाठवलेला बिस्किटांचा पुडाही त्याने परत आणला होता. परतताना समुद्र शांत होता आणि मी सगळा वेळ आडवी पडून होते.

बारकी


६ नोव्हेंबर

दादा,

मुदत संपली. बुधवारी बाबांना सोडलं. मी आणायला गेले होते. जाऊ नकोस असं तू लिहिलंस, आईने अडवलं नाही. पण कोणी गेलं नसतं तर ते धक्क्यावरून सरळ घरी आले असते. बंदराच्या पलीकडे एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी खोल्या आहेत. तिथल्या व्यवस्थापकाला सगळं खरं सांगून एक खोली ठरवली. खाट, खिडकी, दोन वेळचं जेवण.

फाटकातून बाहेर आले ते मुलगी नाही म्हणाल्याचं विसरल्यासारखे. "आलीस बारके?" म्हणून पिशवी माझ्या हातात दिली. मी गोळी पुढे केली, म्हटलं, आत्ताच घ्या, वारा आहे. "असली थेरं मला लागत नाहीत." मी मधोमध जागा धरली होती. ते पुढच्या टोकाला जाऊन कठडा धरून ऐटीत उभे राहिले. त्या बेटावर नेलं त्या दिवसानंतर त्यांनी बोटीत पाय ठेवलेला नव्हता.

बेट अजून डोळ्यांआड झालं नव्हतं तेव्हाच त्यांचे गुडघे वाकले. मी आणि एका खलाशाने त्यांना आणून बाकावर आडवं केलं. मग तू शिकवलंस ते सगळं केलं. डोकं स्थिर, डोळे मिटलेले, कपाळावर ओलं फडकं, खिडकी उघडी, पाणी घोटघोट. गोळी आता दिली, ती बाहेर आली. ते लहान मुलासारखे कण्हत होते. "मी मरतो की काय गं?" मी म्हटलं, "बोट लागून कोणी मरत नाही." त्यांच्या तोंडातली लाळ पुसत होते आणि मला त्यांची कीव येत होती. हे तुला आवडणार नाही, पण येत होती.

"आईला सांगितलंस ना, मी येतोय म्हणून?"

"तुम्ही घरी येत नाही आहात," मी म्हटलं. "तुमच्यासाठी खोली घेतली आहे."

डोळे उघडले त्यांनी. जो हात पाण्याचा पेला धरू शकत नव्हता, तो उचलला. तेवढ्यात बोट कलली आणि हात बाकाच्या कडेवर आपटला. मला लागला नाही. पण मी मान आत ओढून, खांदा पुढे करून, डोळे मिटून बसले होते, दादा. मला तर आजवर कोणी मारलेलं नाही. अंगाला कुठून कळलं असं बसायचं?

नंतर त्यांना पुन्हा उलटी आली आणि मी बादली धरली. खोलीवर पोचवलं, खाटेवर निजवलं. मी निघाले तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते. "जमीन हलतेय," म्हणाले. मी म्हटलं, "उद्यापर्यंत थांबेल." घरी आले तर आईने एवढंच विचारलं, "पाणी पाजलंस ना?" आणि उठून दाराची वरची कडीही लावली.

काल दुपारी ते आले. वाट कोणी दाखवायला नकोच होती. आधी थाप हळू, मग जोरात, मग तळहाताने धाडधाड. मी स्वयंपाकघरातून धावत आले तर आई दाराशी उभी. एक हात कडीवर, पण उघडायला नाही, धरून ठेवायला.

"अगं, दार उघड. मला बरं नाहीये."

आईने कडी आणखी घट्ट धरली.

"ऐकतेस का? बरं नाहीये मला."

"मलाही बरं नव्हतं," आई दाराला म्हणाली. मोठ्याने नाही. नेहमीच्या आवाजात.

 मग ते पायरीवर बसल्याचा आवाज. आम्ही दोघी आतून दाराला पाठ लावून खाली बसलो, ते बाहेर. मधे एक फळी. त्यांच्या छातीची घरघर ऐकू येत होती. एकदा रडले, मग शिव्या दिल्या, मग नुसतं माझं नाव घेत राहिले. मी उठू लागले की आई माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची. जड नाही, नुसता ठेवायची. मी व्यवस्थापकाला फोन केला. दिवे लागायच्या सुमाराला तो आला आणि त्यांना दंडाला धरून घेऊन गेला. मी खिडकीतून पाहिलं, पाय ओढत चालले होते. आईने पाहिलं नाही.

ते परत येतील. व्यवस्थापक म्हणाला, "मी त्यांना बांधून तर ठेवू शकत नाही." मी पोलीस चौकीवर जाऊन सांगून आले आहे, लिहून घेतलं. आईला म्हटलं, आपण काही दिवस दादाकडे जाऊ. तर म्हणाली, "माझं घर मी का सोडू?" आता माझ्या खांद्यावरून वाकून वाचते आहे आणि पेन मागते आहे. घे, दिलं.

बाळा,

हिचं लिहून झालं, आता मी. माझं अक्षर लागलं नाही तर हिला विचार. कोर्टात तू बोलत होतास तेव्हा मी मागच्या बाकावर होते. बोलता बोलता तू एकदा वळून माझ्याकडे बघितलंस आणि मी मान खाली घातली. तू खरं सांगत होतास, आणि ते तिथेच उभं राहून मी म्हणायला हवं होतं. तू पिशवी भरलीस तेव्हाही थांब म्हटलं नाही. आता म्हणते. ये. कधी येतोस ते कळवलं नाहीस तरी चालेल, मी घरीच असते. पण आलास की दार वाजवू नकोस. बाहेरून हाक मार, म्हणजे मला कळेल तू आहेस.

आई